जॉर्ज हेवेशी

जॉर्ज हेवेशी ह्यांचा जन्म १८८५ सालीं बुडापेस्ट येथें झाला. १९११ मध्यें ते मँचेस्टरला रदरफर्ड ह्यांच्या प्रयोगशाळेंत गेले. शिशांत मिसळलेलें ‘रेडियम-डी’ वेगळें करण्याचें काम गुरूंनीं त्यांस दिलें. पुष्कळ खटपट करूनही तें साधलें नाहीं, व साधणें शक्यही नव्हतें. कारण रेडियम-डी हें शिशाचेंच किरणोत्सर्गी रूप होय. दुसरा कोणी हताश झाला असता. हेवेशींनीं मात्र निराळाच विचार केला: जें शिशापासून सुटत नाहीं, तें शिशाबरोबर सर्वत्र जाईल आणि आपल्या किरणांनीं त्याचा ठावठिकाणा कळवील!

घरमालकीण उरलेलें अन्न पुन्हां वाढते असा संशय येतांच त्यांनीं पानांत किरणोत्सर्गी कण टाकून तिची लबाडी पकडली, असें सांगतात. (वसतिगृहवासी मित्रांनीं हा प्रयोग करूं नये.)

१९२३ मध्यें त्यांनीं रोपाच्या मुळांतून वर चढणारें शिसें मोजलें. १९३५ मध्यें उंदरांस किरणोत्सर्गी फॉस्फरस देऊन पाहिला, तों दगडासारखीं निश्चल भासणारीं हाडेंही जुने अणू टाकून नवे घेत असतात असें आढळलें. ह्या पद्धतीबद्दल त्यांस १९४३ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं, ज्यूवंशीय असल्यामुळें, त्यांस जर्मनव्याप्त डेन्मार्क सोडून स्वीडनमध्यें आश्रय घ्यावा लागला. १९६६ मध्यें ते निवर्तले.

आज गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीच्या कर्करोगांत किरणोत्सर्गी आयोडीनची अल्प मात्रा रोग कोठें पसरला तें दाखविते, आणि मोठी मात्रा त्याच वाटेनें जाऊन तो जाळते.