विश्लेषण : स्वतःच्याच पक्षाच्या उधळपट्टीला नकार देणारे राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर कोण होते?

मतदारसंघातील कामांसाठी सरकारी तिजोरी किती सैल सोडायची, हा वाद अमेरिकेत जुना आहे. अशा खर्चाला तिथे ‘पोर्क बॅरल’ म्हणतात. १८८२ मध्ये त्याला आडवे गेले राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर. विशेष म्हणजे, ते स्वतः पक्षाच्या वशिलेबाजीतूनच मोठे झाले होते.

आर्थर सत्तेत कसे आले?
जन्म १८२९, व्हरमाँट. पेशाने वकील. न्यूयॉर्कमधील रिपब्लिकन नेते रॉस्को काँकलिंग यांचे ते विश्वासू. १८७१ मध्ये ते न्यूयॉर्क बंदराच्या सीमाशुल्क कार्यालयाचे प्रमुख झाले. तिथे पक्ष कार्यकर्त्यांना नोकऱ्या मिळत आणि त्यांच्या पगारातून पक्षनिधी गोळा होई. राष्ट्राध्यक्ष हेस यांनी १८७८ मध्ये त्यांना हटवले. तरीही १८८० मध्ये ते उपराष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. जुलै १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर सरकारी पद न मिळाल्याने चिडलेल्या एकाने गोळ्या झाडल्या. सप्टेंबरमध्ये त्यांचे निधन झाले आणि आर्थर राष्ट्राध्यक्ष बनले.

विधेयकात काय होते?
नद्या आणि बंदरांच्या कामांसाठी सुमारे १ कोटी ८७ लाख डॉलर. १८७० मध्ये हाच खर्च ४० लाखांच्या आत होता. देशाच्या उपयोगाच्या कामांना आर्थर यांचा विरोध नव्हता, पण यातली अनेक कामे निव्वळ स्थानिक होती. एका राज्याला पैसा मिळाला की दुसरे आपला वाटा मागते. त्यामुळे विधेयकात जितकी वायफळ कामे, तितकी त्याला जास्त मते, असे त्यांचे म्हणणे होते.

व्हेटोचे काय झाले?
१ ऑगस्ट १८८२ रोजी आर्थर यांनी व्हेटो वापरला. दुसऱ्याच दिवशी दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी तो निकामी केला. दोन्ही पक्षांचे सदस्य यात सामील होते. कारण सोपे होते. काम आपल्या मतदारसंघात दिसते, बोजा मात्र देशभर वाटला जातो. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकनांनी प्रतिनिधिगृहातील बहुमत गमावले. या खर्चावरची नाराजी हे त्यामागचे एक कारण होते.

पुढे काय?
विधेयकातील नको त्या तरतुदी तेवढ्या नाकारण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना द्यावा, असे आर्थर यांनी डिसेंबरमध्ये सुचवले. जानेवारी १८८३ मध्ये त्यांनी पेंडलटन कायद्यावर सही केली. अनेक सरकारी नोकऱ्या परीक्षेवर देण्याची सुरुवात त्यातून झाली. १८८४ मध्ये पक्षाने त्यांना पुन्हा उमेदवारी दिली नाही. मूत्रपिंडाच्या विकाराने खंगलेल्या आर्थर यांचे १८८६ मध्ये ५७व्या वर्षी निधन झाले.

त्यांनी सुचवलेला अधिकार १९९६ मध्ये कायद्याने मिळाला, पण १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. त्यामुळे अमेरिकी राष्ट्राध्यक्षांना आजही विधेयक एकतर पूर्ण स्वीकारावे लागते किंवा पूर्ण नाकारावे लागते.