आनंदीबाईंच्या फीचे पैसे

मुलं हायस्कूलमध्ये गेली की वर्ग सुटल्यावर पालकांच्या गप्पांत एकच विषय निघतो: मेडिकलचा खर्च. म्हणून या वेळी डॉ. आनंदीबाई जोशी. त्यांची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली असते, पण त्यांनी पैसे कुठून आणले हे सहसा कोणी सांगत नाही.

आनंदीबाईंचा जन्म १८६५चा. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. तेव्हा त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. त्यांनी १८८०मध्ये अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याकडे मदत मागितली. धर्म बदला, मग बघू, असा त्याच्या उत्तराचा रोख होता. स्वस्तात जाण्याचा तो रस्ता दोघांनी नाकारला. मात्र हा पत्रव्यवहार एका मासिकात छापून आला आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्यांनी आपणहून आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पुढे आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणू लागल्या.

मग जवळच मद्रासला का गेल्या नाहीत? तिथल्या कॉलेजात मुलींना प्रवेश होता. पण शिकवणारे सगळे पुरुष आणि जुन्या वळणाचे. हे कारण त्यांनी २४ फेब्रुवारी १८८३ला श्रीरामपूर (बंगालमधलं, नगरचं नव्हे!) इथल्या कॉलेजातल्या भाषणात उघडपणे सांगितलं. दोघांनी जायचं तर पैसे पुरणार नव्हते, आणि गोपाळरावांवर म्हाताऱ्या आईवडिलांचा भार होता. म्हणून त्या एकट्याच निघाल्या. त्यांच्यासाठी निधी उभा राहिला, त्यात व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांचे २०० रुपये होते. त्यांनी स्वतःचे दागिनेही विकले. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोट, जूनमध्ये न्यूयॉर्क.

पहिला उन्हाळा मावशींच्या घरी गेला, तेव्हा राहण्या-जेवणाची चिंता नव्हती. तिथूनच त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला अर्ज केला. प्रवेशाच्या काही अटींत आपण बसत नाही हे लपवलं नाही. आपल्या देशातल्या बायकांना डॉक्टर बाई मिळावी म्हणून आलो, एवढं मात्र स्पष्ट लिहिलं. वय अठरा! कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी पाठीशी उभं राहून त्यांना प्रवेश आणि शिष्यवृत्ती मिळवून दिली.

काटकसरीची किंमत मात्र शरीराला मोजावी लागली. खोलीतली शेगडी पेटवली तर धूर कोंडायचा, विझवली तर थंडी. अंगात नऊवारी, जेवण शाकाहारी. आधीच अशक्त असलेल्या आनंदीबाईंना क्षयाने गाठलं. गोपाळराव नंतर आले, पण त्यांच्या पत्रांतून आणि वागण्यातून सुखापेक्षा त्रासच जास्त झाला, असं मला वाटतं. तरीही ११ मार्च १८८६ला त्या एम.डी. झाल्या. एकविसावं वर्ष पुरं व्हायला वीस दिवस बाकी होते.

कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची जागा देऊ केली होती. पण परत आल्या त्या आजारीच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात त्यांचं निधन झालं. कोल्हापूरचा पहिला पगार त्यांनी घेतलाच नाही. गोपाळरावांनी अस्थी मिसेस कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या अजून आहेत.