बेळगावचे फडेप्पा चौगुले

मुलांनो, लातूरहून औशाला पायी जाऊन त्याच दिवशी परत यायचे ठरले, तर तुम्ही काय म्हणाल? बसनेच जाऊ, असेच म्हणाल ना? जाऊन-येऊन हे अंतर सुमारे चाळीस किलोमीटर भरते. फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी त्याहून थोडे जास्त अंतर तीन तासांच्या आत धावून पार केले. तेही परक्या देशात, ऑलिंपिकच्या शर्यतीत!

फडेप्पांचा जन्म १९०२ साली झाला. त्यांचे गाव बेळगाव. ते आज कर्नाटकात आहे. त्या काळी मुंबई इलाख्यात होते. आपले नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. देशावर इंग्रजांचे राज्य होते. भारताचा संघ ऑलिंपिकला कधी गेलाच नव्हता.

पुण्यात डेक्कन जिमखाना नावाची क्रीडासंस्था आहे. १९१९ साली तेथे धावण्याच्या शर्यती झाल्या. संस्थेचे अध्यक्ष होते उद्योगपती सर दोराबजी टाटा. शर्यतीत खेड्यापाड्यांतील शेतकरी तरुण अनवाणी धावत होते. त्यांना शर्यतीचे नियमही नीट ठाऊक नव्हते. परंतु त्यांना लागलेला वेळ पाहून दोराबजी चकित झाले. युरोपातील धावपटूंच्या मानाने हे तरुण फारसे मागे नव्हते! यांना ऑलिंपिकला पाठवायचेच, असे दोराबजींनी मनात घेतले. ते मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्याशी बोलले. भारताला परवानगी मिळाली. खर्चासाठी दोराबजींनी स्वतःचेही पैसे दिले.

१९२० साली पुण्यात निवड झाली. चार धावपटू आणि दोन कुस्तीगीर निवडले गेले. चौगुले त्यांपैकी एक. साताऱ्याचे दातार आणि कोल्हापूरचे मल्ल रणधीर शिंदे हेही संघात होते. सोहराब भूत आणि डॉ. फैजी हे व्यवस्थापक होते. मंडळी बोटीने इंग्लंडला गेली. तेथे काही आठवडे सराव करून ती बेल्जियममधील अँटवर्प शहरी पोहोचली. पहिल्या महायुद्धात या देशाचे फार हाल झाले होते. युद्ध संपून दोन वर्षेही झाली नव्हती.

२२ ऑगस्ट १९२० रोजी मॅरेथॉन शर्यत झाली. मॅरेथॉन आज ४२ किलोमीटर १९५ मीटरची असते. अँटवर्पची शर्यत मात्र ४२ किलोमीटर ७५० मीटरची होती. ऑलिंपिकमध्ये इतकी लांब मॅरेथॉन दुसरी झाली नाही. विचार करा, अठरा वर्षांचा हा तरुण कोणाबरोबर धावत होता! शेजारी होते फिनलंडचे हानेस कोलेहमायनेन. त्यांनी आधीच्या ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळवली होती.

शर्यत सुरू करणारे ४८ जण होते. शेवटपर्यंत पोहोचले ३५. तेरा जणांनी वाटेतच शर्यत सोडली. त्यांत आपले दातारही होते. कोलेहमायनेन २ तास ३२ मिनिटांत पहिले आले. चौगुले त्यांच्या मागून सुमारे १८ मिनिटांनी पोहोचले. त्यांना २ तास ५० मिनिटे लागली. त्यांचा क्रमांक १९ वा. म्हणजे सोळा धावपटू त्यांच्याही मागे होते.

त्या वर्षी भारताला एकही पदक मिळाले नाही. रणधीर शिंदे यांचे कांस्यपदक थोडक्यात हुकले. चार वर्षांनी, १९२४ साली, भारताचा संघ पॅरिसच्या ऑलिंपिकला गेला. त्यात चौगुले नव्हते. तेथील मॅरेथॉनमध्ये भारताचे महादेव सिंग धावले. त्यांचा क्रमांक २९ वा आला.