विष्णु दिगंबर पलुसकर

दक्षिण महाराष्ट्रात पूर्वी सांगली, मिरज, जत, कुरुंदवाड अशी लहान लहान संस्थाने होती. त्यांपैकी कुरुंदवाड येथे १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णूचा जन्म झाला. त्याचे वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. त्यामुळे सूर आणि ताल यांचे संस्कार विष्णूवर बाळपणीच झाले. परंतु लहान वयातच फटाक्याच्या स्फोटाने त्याच्या डोळ्यांस इजा झाली व दृष्टी अधू झाली. शाळेचे शिक्षण अशक्य होऊन बसले. मात्र मुलाचा गळा गोड होता. मिरज येथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर या थोर गवयाकडे त्याची तालीम सुरू झाली.

त्या काळी गायनविद्या गुरूच्या मुखातच असे. असंख्य नादांतून आपल्या पूर्वजांनी सात शुद्ध, चार कोमल व एक तीव्र असे बारा स्वर निवडले. त्यांचे सप्तक झाले. काळाची समान मापे म्हणजे मात्रा. सोळा मात्रांचे चार-चारांचे चार विभाग केले, की त्रिताल झाला. स्वर आणि ताल यांच्या अशा नेटक्या बांधणीतूनच गीत उभे राहते. हे सारे शिष्याने कानाने ऐकावे, कंठाने घोटावे व स्मरणात साठवावे. लिहून ठेवण्याची रीत नसल्यामुळे गुरूबरोबर कित्येक चिजाही लोपून जात.

आणखी एक शल्य विष्णु दिगंबरांच्या मनात होते. एका समारंभास गावातील प्रतिष्ठितांना बोलावणे आले. परंतु गवई म्हणून त्यांच्या गुरूंना वगळण्यात आले, असे सांगतात. गाणे सर्वांना हवे, पण गाणाऱ्यास मान नाही! ही स्थिती पालटण्याचा निश्चय करून १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली.

ठिकठिकाणी गात ते लाहोरला पोहोचले. तेथे ५ मे १९०१ रोजी त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ही शाळा राजाश्रयावर नव्हे, तर लोकांच्या साहाय्यावर उभी होती. प्रारंभी विद्यार्थीच येईनात. तरीही ते रोज ठरल्या वेळी तंबोरा लावून एकटेच रियाज करीत. हळूहळू वर्ग भरू लागले.

मुलांसाठी त्यांनी स्वरलेखनाची पद्धती तयार केली. स्वर कोमल की तीव्र, कोणत्या सप्तकातला, किती मात्रांचा, हे सारे चिन्हांनी दाखविता येऊ लागले. ज्यांना स्वतःला पुस्तक वाचणे कठीण, त्यांनी संगीताची पुस्तके सिद्ध केली! याच काळात पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीही स्वरलेखनाची निराळी पद्धती रचली. तीच सुलभ म्हणून पुढे अधिक रूढ झाली.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबईस शाखा काढली. तेथील इमारतीसाठी मोठे कर्ज झाले आणि अखेर तिचा लिलाव झाला. परंतु शिष्य काही लिलावात गेले नाहीत. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास अशा शिष्यांनी गुरूंचे कार्य देशभर पोहोचविले.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेसच त्यांचे देहावसान झाले. जेथे त्यांनी पहिला सा लावला, तेथेच त्यांचा स्वर विसावला. आज सामान्य घरातील मुलेमुली वही उघडून सरगम गिरवितात, गाणे शिकणे कोणास कमीपणाचे वाटत नाही. यामागे त्या अधू दृष्टीच्या गायकाची दूरदृष्टी आहे.