रॉड कोणता घेऊ? आधी झेन ग्रेला भेटा!

पहिल्यांदा गरवायला जायचं ठरलं की काय होतं? ग्रुपवर कुणीतरी एका रॉडचा फोटो टाकतो. दुसरा म्हणतो, छे, याच्यापेक्षा भारी घे. तिसरा रीलची लिंक पाठवतो. लांबी किती, दोरा किती जाड, बजेट किती... डोक्याचा पार भुगा! आणि आपण उभं कुठे राहणार, मासा कोणता धरणार, हे कुणी विचारतच नाही.

याच प्रश्नापायी शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने अर्धं आयुष्य आणि बक्कळ पैसा खर्च केला. त्याचं नाव झेन ग्रे. काउबॉय, घोडे, धुळीची वाळवंटं असलेले वेस्टर्न सिनेमे तुम्ही पाहिले असतील, तर त्या दुनियेला आकार देणाऱ्या लेखकांपैकी तो एक. पण त्याला स्वतःला विचारलं असतं, तर लेखक आधी की मासे गरवणारा आधी, हे सांगताना तो नक्की अडखळला असता.

३१ जानेवारी १८७२ ला अमेरिकेतल्या ओहायो राज्यात झेन्सव्हिल गावात त्याचा जन्म झाला. गाव त्याच्या आईच्या पूर्वजांनी वसवलेलं. नाव ठेवलं पर्ल. मुलाला पर्ल म्हणून हाक मारली की काय होत असेल, याची कल्पना करा! पुढे त्याने ते नाव टाकूनच दिलं. वडील दातांचे डॉक्टर आणि स्वभावाने कडक. पंधराव्या वर्षी पोराने लिहिलेली पहिली गोष्ट त्यांच्या हाती लागली, तेव्हा त्यांनी ती फाडली आणि पोराला मारलं. मासे धरणंही त्यांना वेळ घालवणंच वाटायचं. या दोन्ही गोष्टींसाठी त्याला बळ दिलं ते मडी मायझर नावाच्या गावातल्या एका म्हाताऱ्याने. घरच्यांना जे वेड वाटतं, ते कुणीतरी मनापासून ऐकून घेणं किती मोठी गोष्ट असते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तरी शेवटी तो वडिलांच्याच वाटेने गेला. बेसबॉल चांगला खेळायचा, त्या जोरावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळाली आणि १८९६ मध्ये तो दंतवैद्य झाला. न्यूयॉर्कमध्ये दवाखाना थाटला. दिवसा दात, रात्री लेखन आणि सुट्टी मिळाली की डेलावेअर नदी. तिथेच १९०० मध्ये त्याला डॉली भेटली. त्याचा पहिला छापून आलेला लेख कशावर होता माहितीये? याच नदीवरच्या मासेमारीवर, १९०२ मध्ये. पहिली कादंबरी कुणी छापेना, तेव्हा ती त्याने १९०३ मध्ये स्वतःच छापून घेतली. १९०५ मध्ये डॉलीशी लग्न केलं, दवाखाना बंद केला आणि तिच्या वारशाच्या पैशावर घर चालवत तो लिहीत बसला. एका मोठ्या प्रकाशकाकडच्या संपादकाने तर लेखन तुझं काम नाही, असं तोंडावर सुनावलं. १९१२ मध्ये ‘रायडर्स ऑफ द पर्पल सेज’ आली आणि चित्र बदललं. आता हातात पैसा होता. तो गेला कुठे? समुद्रात!

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर कॅटॅलिना नावाचं बेट आहे. तिथल्या ॲव्हलॉन गावात १८९८ पासून ट्यूना क्लब होता. रॉड आणि रीलने मोठा मासा धरायचा तर कोणत्या साधनाने, याचे कडक नियम या क्लबने घातले. तेव्हाचा दोरा लिननचा. त्याची ताकद धाग्यांच्या संख्येवरून सांगत, धाग्यामागे साधारण ३ पौंड. मोठ्या माशांसाठी २४ धाग्यांपर्यंतचा दोरा चालायचा. पण हौशी मंडळींना आणखी बारीक हवा. ६ फूट रॉड, ६ औंस वजन, ६ धाग्यांचा दोरा अशीही एक टूम निघाली. जितका दोरा बारीक तितका मान मोठा!

ग्रेचं म्हणणं वेगळं होतं. मोठ्या माशाला बारीक दोरा लावला की दोरा तुटतो आणि तोंडात गळ, मागे लांबलचक दोरा घेऊन मासा निघून जातो. पुढे तो मरतो. यात कसली आली मर्दुमकी? पण हाच ग्रे फ्लोरिडातल्या लाँग की बेटावर, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात चपळ बोनफिश धरताना हलक्या साधनांचा पुरस्कार करायचा. तिथल्या क्लबचा तो अध्यक्षही होता. वरवर पाहता हे उलटसुलट वाटेल, पण ते तसं नाही. रॉड माशाकडे आणि पाण्याकडे बघून निवडायचा, आपल्या फोटोकडे बघून नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता रील. जुन्या रीलची मूठ थेट फिरकीला जोडलेली असायची. मासा पळाला की मूठ उलटी गरगर फिरायची आणि बोटं फुटायची. ब्रेक म्हणजे अंगठ्याने दाबायचा चामड्याचा तुकडा! १९१३ मध्ये विल्यम बॉशन याने कॅटॅलिनालाच नव्या प्रकारच्या रीलवर स्वोर्डफिश धरला. मूठ स्थिर ठेवली तरी फिरकी आतून घसरत दोरा सोडायची आणि ती किती घट्ट घसरावी, हे एका चांदणीच्या आकाराच्या चक्राने ठरवता यायचं. यालाच ड्रॅग म्हणतात. ग्रे हे सगळं बारकाईने बघत होता. पुढे इंग्लंडच्या हार्डी ब्रदर्सने त्याच्या नावाचं महागडं रीलच बाजारात आणलं.

तुमच्यासाठी यातलं काय कामाचं? ग्रेचे आखूड, दणकट रॉड होडीसाठी होते. वाळूवर उभं राहून ते वापराल तर आमिष पहिल्या लाटेतच पडेल. किनाऱ्यावरून गरवताना लाटा फुटतात त्याच्या पलीकडे फेकावं लागतं, म्हणून ११ ते १३ फुटांचा रॉड. जेट्टीवर पाणी पायाखालीच असतं, तिथे ७ ते ९ फूट पुरे. नवशिक्यांनी स्पिनिंग रील घ्यावं, दोऱ्याचा गुंता कमी होतो. ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर लावा, म्हणजे झटका बसला तर दोरा तुटण्याऐवजी सुटेल. आणि घरी आल्यावर रील गोड्या पाण्याने हलकेच धुवा. खारं पाणी महाग-स्वस्त ओळखत नाही!

एवढं कळणारा माणूस स्वतःच्या बाबतीत मात्र चुकला. १९२० मध्ये त्याने ४१८ पौंडांचा स्वोर्डफिश धरला. पुढच्याच वर्षी एका लहानखुऱ्या बाईने ४२६ पौंडांचा धरला. ग्रेला ते पचेना. तिने एकटीने धरलाच नसणार, असं तो बोलून बसला. क्लबने माफी मागायला लावली आणि त्याने क्लब सोडला. मग प्रत्येक गोष्ट मोठी हवी झाली. १९२४ मध्ये तीन डोलकाठ्यांचं जहाज घेतलं. त्याच वर्षी नोव्हा स्कॉशियाजवळ ७५८ पौंडांचा ट्यूना धरून जागतिक विक्रम केला. हा ट्यूना म्हणजे आपल्या कुप्याचा दांडगा भाऊबंद. न्यूझीलंडला गेला तर तिथल्या लोकांची साधनं आणि पद्धत कशी चुकीची आहे, हे लिहून त्यांना दुखावून आला.

या सगळ्याचा हिशेब कोण सांभाळत होतं? डॉली. त्याचं हस्तलिखित सुधारायचं, प्रकाशकांशी बोलायचं, घर आणि मुलं बघायची. नवरा महिनोन् महिने समुद्रावर, बरोबर इतर मैत्रिणी, हे तिला माहीत होतं. कमाईतला अर्धा वाटा तिचा होता, आणि तो उपकार नव्हता, तिची मजुरी होती.

१९३० मध्ये ताहितीजवळ त्याला हवा तो मासा लागला. मार्लिन, १०४० पौंड, म्हणजे सुमारे ४७२ किलो. रॉड आणि रीलवर हजार पौंडांच्या वरचा मासा पहिल्यांदाच धरला गेला होता. पण काठाला आणेपर्यंत शार्कनी त्याचे लचके तोडले होते. आयुष्यभराच्या हट्टाचं फळ अर्धवट खाल्लेलं मिळालं.

१९३७ मध्ये ओरेगॉनमधल्या नदीवर गरवतानाच त्याला पक्षाघाताचा झटका आला. २३ ऑक्टोबर १९३९ ला तो गेला. त्याच वर्षी जूनमध्ये गरवणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. आज ती विक्रम नोंदवताना दोरा किती ताकदीचा होता हेही बघते. बारीक दोऱ्याच्या वेगळ्या नोंदी, जाड दोऱ्याच्या वेगळ्या.

तेव्हा दुकानात जाल तेव्हा भारी रॉड दाखवा असं म्हणू नका. मी वाळूवर उभा राहणार आहे की जेट्टीवर, आणि मला काय धरायचंय, एवढं सांगा. झेन ग्रेला हे उत्तर माहीत होतं. विसरला तो दुसऱ्याचा मासा मोठा निघाला त्या दिवशी.