ताराबाई मोडक : बालवाडी अंगणात नेणाऱ्या बाई

मुलाला बोलायला कुणी धडे देत नाही, तरी ते शिकते. आईच्या पोटात असतानाच, शेवटच्या काही महिन्यांत, ते तिचा आवाज ऐकू लागते. साधारण वर्षाला पहिला शब्द येतो, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडता येतात. त्यासाठी नीट ऐकू येणारे कान हवेत आणि बाळाशी बोलणारी माणसे हवीत. पहिल्या सहा वर्षांचे हे मोल ओळखून त्यासाठी आयुष्य वेचले ते ताराबाई मोडक यांनी.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत, केळकरांच्या घरी झाला. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. लग्नानंतर त्या वऱ्हाडात, अमरावतीला आल्या. पण संसार टिकला नाही. मुलीला घेऊन त्या राजकोटला अध्यापिका विद्यालयात गेल्या. १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या कामात सामील झाल्या. मूल हाताळत, ऐकत, बोलत शिकते, हा माँटेसरीबाईंचा विचार दोघांनी इथल्या मातीत रुजवला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार उभे केले.

शहरात जम बसला असताना, पन्नाशी उलटल्यावर, १९४५ मध्ये त्या बोर्डी या खेड्यात गेल्या आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. वारली मुले बालवाडीत येत नव्हती. कुणी गुरे राखी, कुणी धाकटे भावंड सांभाळी. तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच पाड्यावर, घरासमोरच्या अंगणात नेली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे, पाने आली. गाणी, गोष्टी आणि ओळखीच्या वस्तूंविषयी गप्पा, यांतून मुलांची जीभ मोकळी झाली. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या. दोनच वर्षांनी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला.

यवतमाळ जिल्ह्यात आजही अनेक घरांत कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलली जाते. अशा घरातले मूल अंगणवाडीत सुरुवातीला गप्प बसले, तर ते मंद नसते. त्याची भाषा वेगळी असते. घरची बोली बंद करून मराठी लवकर येत नाही. दोन भाषा कानावर पडल्याने बोलणे खुंटते, हा गैरसमज आहे.

मात्र जे मूल घरीही बोलत नाही, त्याच्याकडे दुर्लक्ष नको. मामाही उशिरा बोलला होता, असे म्हणत वर्षे जातात आणि शिकण्याचा सर्वांत चांगला काळ निसटतो. आवाजाकडे न वळणारे, वर्षाचे होत आले तरी बा-बा, दा-दा न करणारे, दीड वर्षापर्यंत एकही शब्द न उच्चारणारे बाळ असेल, तर आधी कान तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत तपासणीला येते, तेव्हा सेविकेने आणि आईने ही शंका जरूर सांगावी. बहिरेपण वेळेत कळले, तर श्रवणयंत्र आणि वाचा-उपचार यांनी बहुतेक मुलांना मोठी मदत होते. कान चांगले असतील, तर मोबाईल बाजूला ठेवून स्वयंपाक करताना, आंघोळ घालताना, शेतावर जाताना बाळाशी बोलत राहावे. तेही घरच्याच भाषेत.