फिनिअस गेज : स्मृती शाबूत राहिली, पैशाचा अंदाज चुकला

डोक्याला मार लागलेल्या माणसाला घरी आणलं, की तुम्ही काय बघता? तो शुद्धीवर आहे का, नीट बोलतो का, माणसं ओळखतो का. हे सगळं ठीक असेल तर तुम्ही निश्चिंत होता. पण पैशाचे निर्णय घेण्याची क्षमता याहून वेगळी असते. फिनिअस गेजच्या आयुष्यातून हे समजून घ्या.

अपघात

गेजचा जन्म १८२३ चा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधला. रेल्वेमार्गासाठी खडक फोडणाऱ्या मजुरांचा तो मुकादम होता आणि हुशार, व्यवहारी म्हणून ओळखला जाई. १३ सप्टेंबर १८४८ रोजी व्हरमाँटमधल्या कॅव्हेंडिशजवळ सुरुंग ठासताना स्फोट झाला. मीटरभराहून लांब, सहा किलोची पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून कवटीतून वर बाहेर पडली. काही मिनिटांतच तो बोलू लागला आणि बैलगाडीत बसून मुक्कामी आला! पुढे जखमेत पू झाला, डाव्या डोळ्याची दृष्टी गेली, पण डॉ. जॉन हार्लो यांच्या उपचारांनी तो वाचला.

काय बदललं?

स्मरणशक्ती चांगली होती. मात्र नदीच्या जुन्या पात्रात वेचलेले चार खडे तो हजार डॉलरलाही द्यायला तयार नव्हता, अशी नोंद हार्लो यांनी केली. हट्टीपणा वाढला, बेत सतत बदलू लागले. मुकादमाचं काम त्याला परत मिळालं नाही. १८५२ मध्ये तो चिलीला गेला आणि तिथे काही वर्षं घोडागाडी हाकली. हे काम टिकलं, त्यावरून तो बराच सावरला असावा. पुढे फिट येऊ लागल्या आणि २१ मे १८६० रोजी, ३६ व्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोजवळ त्याचा मृत्यू झाला.

आज काय माहीत आहे?

आपल्याजवळच्या वस्तूची किंमत जास्त धरणं, हा कल तुमच्याआमच्यातही असतो. अशा कलांना आवर घालण्यात कपाळामागच्या मेंदूचा मोठा वाटा आहे. २००६ मध्ये झुरिचच्या संशोधकांनी निरोगी तरुणांमध्ये या मेंदूच्या उजव्या भागाचं काम चुंबकीय स्पंदनांनी थोडा वेळ मंदावलं. पैशाच्या वाटणीत तुटपुंजा वाटा देणं अन्यायाचं आहे, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी तो एरवीपेक्षा जास्त वेळा स्वीकारला. म्हणजे कळणं आणि त्याप्रमाणे वागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुम्ही काय करावं?

* मार लागल्यानंतर घरातलं माणूस उधळपट्टी करू लागलं किंवा भलताच सौदा करू लागलं, तर त्याला हट्टी ठरवू नका. डॉक्टरांना आवर्जून सांगा.
* जमीन, कर्ज, जामीन यांच्या सह्या काही काळ पुढे ढकला.
* मेंदूला उत्तेजन देणारी उपकरणं स्वतःहून वापरू नका. चुंबकीय उपचार नैराश्यासाठी तज्ज्ञ देतात. चांगले सौदे करण्यासाठी ते नाहीत. फिट येत असेल किंवा डोक्यात धातू बसवलेला असेल, तर त्यात धोका असतो.